४२ अंशांच्या खोलीतली हार्ड डिस्क

दोंडाईच्यात लग्नसराई आणि कडक ऊन हातात हात घालून येतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे तिथी दाट असतात, मंडपाला मंडप लागतो, आणि त्याच आठवड्यांत दुपारचा पारा ४२-४४ अंशांवर जाऊन बसतो. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. मिरचीचा व्यापार आणि मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना ही त्याची बाहेरगावी असलेली ओळख. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत खानदेशातल्या इतर गावांसारखा इथेही एक धंदा डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या जिवावर उभा राहिला: लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग.

मिनी डीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची तर एका तासाच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागे. मांडव, हळद, लग्न आणि पाठवणी धरून एका घरच्या चार कॅसेटी झाल्या की ५० जीबी भरलेच. त्या काळात ८० जीबीची हार्ड डिस्क ऐसपैस समजली जाई. मग गाणी, नावे, फुलापानांचे इफेक्ट घालून झाले की रात्रभर रेंडरिंग, म्हणजे अंतिम व्हिडिओ घडवण्याचे काम, चाले, आणि तेवढा वेळ डिस्क एका जागचे वाचून दुसऱ्या जागी लिहीत राही. वर्षातला सर्वांत तापलेला महिना आणि डिस्कचे सर्वांत अवजड काम, दोन्ही एकाच पंधरवड्यात. तरी बहुतेक डिस्क चालल्या. काही तर आडतीवरच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये आणि फोटो स्टुडिओच्या कोपऱ्यात आजही फिरताहेत. त्या कशाच्या बळावर टिकल्या आणि ज्या गेल्या त्या कशाने गेल्या, हे पाहू लागले की हवेसारख्या रोजच्या गोष्टीबद्दलचा आदर वाढतो.

आधी डिस्कच्या पोटात काय चालते ते पाहू. साडेतीन इंची डिस्कमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या, आरशासारख्या गुळगुळीत चकत्या एका आसावर बसवलेल्या असतात. चकतीचा व्यास सुमारे ९५ मिलिमीटर. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. या वेगाने चकतीची बाहेरची कड सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटर पळत असते. तिच्यावर वाचणारे-लिहिणारे हेड तरंगते. एक बारीक पोलादी पट्टी हेडला खाली दाबते आणि चकतीबरोबर ओढली जाणारी हवा त्याला वर उचलते. या दोन बलांचा मेळ जिथे बसतो तिथे हेड स्थिर राहते, आणि ते अंतर असते अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या फटीचा अंदाज यावा.

म्हणजे हार्ड डिस्कच्या आत पोकळी नसते, हवा असते, आणि ती असावीच लागते. डिस्क तापली की आतली हवा प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. हा दाब बाहेरच्या दाबाशी जुळता राहावा म्हणून जुन्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक ठेवलेले असते आणि त्यामागे गाळणी. हे भोक झाकू नये असे तिथेच छापलेले असते. दुरुस्तीला आलेल्या डिस्कवर गिऱ्हाइकाच्या नावाचे स्टिकर नेमके याच जागी चिकटवलेले अनेकदा पाहायला मिळते. डिस्क त्या दिवशी बंद पडत नाही, पण तिचा श्वास कोंडतो.

या यंत्राचे मूळ १९५६ सालचे. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ‘रामॅक’ हे यंत्र बांधले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या वर होते आणि त्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. हेड चकतीपासून दूर राहावे म्हणून त्याला कॉम्प्रेसरने हवा पुरवावी लागे. अंतर तेव्हा सुमारे ०.०२ मिलिमीटर होते. पुढे १९७३ सालच्या ‘विंचेस्टर’ डिस्कने हेड, आर्म आणि चकत्या एकाच बंद पेटीत आणल्या. १९८० साली सीगेटची ५ एमबीची सव्वापाच इंची डिस्क आली आणि हार्ड डिस्क टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरली. १९९२ साली त्याच कंपनीच्या ‘बॅराकुडा’ने ७२०० फेऱ्यांचा वेग गाठला. वेग वाढला तशी उष्णतेची गोष्ट गंभीर झाली.

ती उष्णता येते कुठून? मोटरच्या वेटोळ्यांतून, हेड हलवणाऱ्या कॉइलमधून आणि तळाच्या सर्किट बोर्डावरच्या चिपांतून थोडी थोडी येते, हे सहज ध्यानात येते. मोठा वाटा मात्र न दिसणाऱ्या गोष्टीचा आहे: चकत्या आतली हवा घुसळत राहतात, त्या घर्षणाचा. हे घर्षण वेगाच्या साधारण २.८ व्या घाताने वाढते. ५४०० फेऱ्यांवरून ७२०० वर गेले की वेग वाढतो तेहतीस टक्के, पण हवा घुसळण्याचा खर्च होतो सव्वादोन पट. चकतीच्या व्यासाचा परिणाम याहून जबर आहे, जवळजवळ ४.६ व्या घाताचा. म्हणूनच १९९६ साली १० हजार आणि २००० साली १५ हजार फेऱ्यांच्या डिस्क आल्या तेव्हा बाहेरची पेटी साडेतीन इंचीच ठेवून आतल्या चकत्या लहान कराव्या लागल्या. मोठ्या चकत्या त्या वेगाने फिरवल्या असत्या तर पेटीने ती उष्णता बाहेर टाकलीच नसती.

वॉटच्या हिशेबात हे सगळे किरकोळ वाटते. ७२०० फेऱ्यांची साधी डिस्क स्वस्थ फिरताना ५ ते ८ वॉट घेते, हेड धावू लागले की १० च्या आसपास. सुरू होताना मात्र १२ व्होल्टवर जवळजवळ दोन अ‍ॅम्पिअर, म्हणजे काही क्षण २४ वॉट. प्रोसेसर याच्या दसपट उष्णता ओकतो. पण प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा असतो आणि डिस्कच्या वाट्याला तो येत नाही. तिची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून चार स्क्रूंवाटे पत्र्याच्या पिंजऱ्यात जाते आणि उरलेली भोवतालच्या हवेत. ती हवा हलली नाही तर डिस्कभोवती गरम हवेचा थर साचतो, आणि स्थिर हवेतून उष्णता फार मंद जाते.

आता दोंडाईच्यातल्या मिक्सिंग लॅबचा एक कॅबिनेट उघडून पाहू. पेंटियम फोरच्या काळातला, पांढऱ्याचा पिवळट झालेला. बाजूचा पत्रा सरकवला की पहिल्यांदा दिसते ती दोन इंच रुंदीची करडी रिबन केबल, मदरबोर्डापासून डिस्कपर्यंत पडद्यासारखी आडवी आलेली. पुढच्या बाजूला खाली डिस्कचा पिंजरा. त्यात फ्लॉपी ड्राइव्हच्या लगेच खाली ८० जीबीची डिस्क आणि तिला जवळजवळ टेकून नंतर घेतलेली १६० जीबीची. पिंजऱ्यापुढे पंख्यासाठी भोके पाडलेली जागा आहे, पण पंखा बसवलेला नाही. पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला हवा आत यायला खालची एक फट, आणि ती कापसाच्या तंतूंनी नि धुळीने नमद्यासारखी भरलेली. मागचा एकुलता एक पंखा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा. वरच्या डिस्कला बोट लावले की ठेवून धरवत नाही.

बोटाची ही परीक्षा अगदीच अडाणी नाही. ५० अंशांच्या धातूवर बोट काही सेकंद कसेबसे ठेवता येते, ६० ला ते आपोआप मागे येते. पण याहून नेमका आकडा डिस्क स्वतःच सांगते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही असते. तिच्यातल्या १९४ क्रमांकाच्या नोंदीत तापमान असते, काही डिस्कमध्ये १९० व्या. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला की ती समोर येते. तिथेच ५ आणि १९७ या नोंदीही पाहाव्यात: पहिलीत बदली केलेल्या खराब सेक्टरांची संख्या असते, दुसरीत वाचता न आल्याने संशयाखाली ठेवलेल्यांची. नुसत्या तापमानाने घाबरण्यापेक्षा या तीन आकड्यांचा एकत्र विचार करावा.

किती तापमान चालते? बहुतेक जुन्या डिस्कच्या कागदावर ५ ते ५५ किंवा ६० अंश असे लिहिलेले असते. हे तापमान डिस्कपाशी मोजायचे असते, खोलीत नव्हे. खानदेशातल्या माणसाला हा हिशेब स्वतः मांडावा लागतो, कारण यंत्र घडवणाऱ्यांनी तो आपल्या हवामानासाठी मांडलेला नाही. प्रोसेसर १०० वॉटच्या आसपास गेले तेव्हा इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक मापदंड घातला: खोली ३५ अंशांची असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये. त्यासाठी बाजूच्या पत्र्यावर जाळी आणि आत नळी आली. बऱ्याच कॅबिनेटांवर ती आजही दिसते. त्या मापदंडातली उष्ण खोली ३५ अंशांची. दोंडाईच्यात एप्रिलच्या दुपारी ३५ अंश ही थंडगार खोली.

समजा खोली ४२ अंशांची आहे. हवा कोंडलेल्या कॅबिनेटच्या आत त्यात ८ ते १० अंशांची भर सहज पडते. पिंजऱ्यात चिकटून बसलेली डिस्क या आतल्या हवेपेक्षा आणखी १० अंश गरम राहते. बेरीज ६० च्या पार. आता पुढच्या बाजूने सरळ हवा डिस्कवर आली, तर आतली भर ३-४ अंशांवर येते आणि डिस्क हवेपेक्षा ५-६ अंशच वर राहते. बेरीज ५२. खोली तीच, डिस्क तीच, विजेचे बिलही जवळजवळ तेच. पंखा थंडावा निर्माण करत नाही, तो फक्त डिस्क आणि खोली यांच्यातले अंतर कमी करतो. खोलीपेक्षा डिस्क कधीच थंड होणार नाही. आपल्या हाती आहेत ते मधले आठ-दहा अंश, आणि जुन्या डिस्कचे आयुष्य त्या आठ-दहा अंशांतच असते.

हे आठ-दहा अंश खरोखर इतके मोलाचे आहेत का, यावर मोठ्या प्रमाणात तपास झाला आहे. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी स्वतःकडच्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ८० ते ४०० जीबीच्या, ५४०० आणि ७२०० फेऱ्यांच्या साध्या डिस्क होत्या, म्हणजे आपल्याकडे मिक्सिंगला होत्या तशाच. निष्कर्षाने सगळ्यांना चकित केले. नव्या डिस्कमध्ये गरम असणे आणि बंद पडणे यांचा अपेक्षित संबंध दिसलाच नाही. उलट ३० अंशांखाली ठेवलेल्या डिस्क जास्त बंद पडल्या होत्या. पण तीन वर्षांच्या डिस्कमध्ये चित्र पालटले: ४५ अंशांच्या वर चालणाऱ्या डिस्क स्पष्टपणे जास्त गेल्या. पुढे २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की सेक्टर वाचता न येण्याच्या चुकांवर सरासरी तापमानापेक्षा तापमानातल्या चढउतारांचा परिणाम जास्त असतो. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मी असे मानतो की नव्या डिस्कची उगाच चिंता करू नये, जुन्या डिस्कची जरूर करावी, आणि तिला थंड ठेवण्याइतकेच एकसारखे ठेवण्याला महत्त्व द्यावे.

चढउतारांनी काय बिघडते, याची मुळे डिस्कच्या इतिहासात आहेत. अ‍ॅल्युमिनियम तापले की वाढते. दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर. चकतीच्या केंद्रापासून कडेपर्यंत ४७ मिलिमीटर धरले आणि ३० अंशांची वाढ धरली, तर कड ३२ मायक्रोमीटर बाहेर सरकते. १९८०च्या दशकातल्या डिस्कमध्ये हेड मोजून मापून पावले टाकणाऱ्या मोटरवर चाले, त्यामुळे थंड असताना लिहिलेला ट्रॅक तापल्यावर नेमका सापडत नसे. म्हणून जाणकार तंत्रज्ञ डिस्क अर्धा तास फिरवून, तापवून मगच तिचे फॉरमॅटिंग करत. पुढच्या पिढीच्या काही डिस्क मधूनच काम थांबवून स्वतःची मापे पुन्हा घेत. कागदपत्रांच्या कामात हे कळतही नसे, पण चित्रीकरण उतरवताना तेवढ्या थांब्याने फ्रेम गळत, म्हणून व्हिडिओसाठी वेगळ्या डिस्क विकल्या जात. नंतर प्रत्येक ट्रॅकवरच दिशादर्शक खुणा कोरल्या गेल्या आणि हेड त्यांच्या आधारे क्षणोक्षणी स्वतःला सावरू लागले. मिनी डीव्हीच्या काळातल्या डिस्क या जातीच्या.

उष्णतेशी इतकी वर्षे झगडल्यावर अभियंत्यांनी तिला कामालाही लावले, हा या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग. आधुनिक डिस्कच्या हेडमध्ये अतिसूक्ष्म हीटर असतो. वाचायच्या-लिहायच्या क्षणी तो हेडचे टोक किंचित तापवतो, टोक काही नॅनोमीटर फुगते आणि चकतीच्या आणखी जवळ जाते. काम झाले की हीटर बंद, टोक मागे. सर्वांत नव्या डिस्कमध्ये तर लेझरने चकतीवरचा एक ठिपका नॅनोसेकंदभर ४०० अंशांच्या वर तापवून त्यावर लिहितात. २०१३ साली हेलियम भरलेल्या सीलबंद डिस्क आल्या. हेलियम हवेच्या सातव्या हिश्शाइतका हलका असल्याने घुसळण कमी, आणि उष्णता हवेच्या सहापट वेगाने वाहून नेत असल्याने डिस्क निवते लवकर. या डिस्कना श्वासाचे भोकच नसते.

पण आपल्या टेबलाखाली जी डिस्क आहे ती हवेची आहे. तिच्यासाठी करायचे ते काम स्क्रूड्रायव्हरचे आहे. सगळ्यात पहिले, दोन डिस्क चिकटून असतील तर मध्ये एक खण रिकामा सोडावा. खालच्या डिस्कची उष्णता वरचीला मिळत असते आणि वरचीच्या तळाच्या सर्किट बोर्डावर मोटर चालवणारी जी चिप असते, ती आधीच सर्वांत तापलेली असते. रिबन केबल लांबीला दुमडून, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून कडेला न्यावी. २००३ नंतरच्या साटा डिस्कना हा प्रश्न नाही, त्यांची केबल बोटभर रुंद.

मग पंखा. ८० मिलिमीटरचा पंखा पिंजऱ्यापुढच्या जागेत, हवा आत ढकलेल अशा बाजूने. पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल तर एवढे लक्षात ठेवावे की ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागच्या बाजूला दुसरा पंखा हवा बाहेर टाकणारा. नुसता पुढचा लावून मागची वाट बंद ठेवली तर ते दार-खिडक्या लावून घेऊन छताचा पंखा सुरू करण्यासारखे आहे. हिशेब असा: १५० वॉटचा कॉम्प्युटर आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर त्याला सेकंदाला सुमारे १३ लिटर हवा हवी. मोकळ्यावर चालणारा ८० मिलिमीटरचा पंखा जेमतेम तेवढी देतो, आणि पत्र्यात पाडलेल्या बारीक भोकांमागे त्याची निम्मी वाया जाते. जागा असेल तर १२० मिलिमीटरचा पंखा बरा. तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि आवाज करत नाही. डिस्कच्या तळाला स्क्रूने लावायचे दोन चिमुकल्या पंख्यांचे कूलर बाजारात मिळत. पहिला उन्हाळा ते छान काढतात. पुढे त्यांचे बेअरिंग कोरडे पडते आणि फिरणे थांबलेला पंखा डिस्कवर झाकण होऊन बसतो.

कोरड्या बेअरिंगचा इलाज आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. पंख्यामागचे स्टिकर उचलायचे, रबरी बूच काढायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याला यामुळे आणखी काही महिने मिळतात. बॉल बेअरिंगच्या पंख्याला याचा उपयोग नाही. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरले तर बेअरिंग खराब होते, शिवाय फिरणारा पंखा उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवतो. डिस्कच्या श्वासाच्या भोकावर ब्लोअरचे तोंड कधीही धरू नये.

धूळ हा खानदेशातला वेगळा विषय आहे. काळ्या जमिनीची बारीक माती, चैत्र-वैशाखातल्या वावटळी, कपाशीचे तंतू, आणि बाजारपेठेजवळच्या दुकानांत मिरचीची पूड. ही धूळ फटी बुजवते, आणि डिस्कच्या बोर्डावर बसून तिच्यावर पांघरूणही घालते. आत हवा ढकलणाऱ्या पंख्यापुढे नायलॉनच्या जाळीचा तुकडा लावावा, तो दर आठवड्याला झटकावा. उन्हाळाभर जो हे करतो त्याचा कॅबिनेट दिवाळीला उघडला तरी स्वच्छ निघतो.

बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावण्याची युक्ती तर सगळीकडे दिसते. तिची टिंगल करण्याचे कारण नाही, फॅन थेट डिस्कच्या पिंजऱ्यावर रोखला असेल तर तापमान खरेच उतरते. पण नुसता पत्रा काढून ठेवला आणि फॅन लावलाच नाही, तर पुढून मागे जाणारा प्रवाह मोडतो आणि पिंजऱ्यातली हवा जागीच राहते. त्याहून घातक म्हणजे कॉम्प्युटर टेबलातला तो लाकडी कप्पा, ज्यात कॅबिनेट बेमालूम बसतो. मागची प्लायची पाठ काढून टाकावी किंवा कॅबिनेट बाहेर घ्यावा. काम संपताच कापडी कव्हर घालण्याची सवयही सोडावी. गरम यंत्राला अर्धा तास मोकळे निवू द्यावे, मग धुळीपासून झाकावे.

खोलीचाही विचार करायला हवा. खानदेशातली जुनी घरे धाब्याची. मातीच्या जाड थराचे छत दुपारचे ऊन आत येऊ देत नाही. पत्र्याच्या छताखाली दुपार असह्य होते, पण रात्री पत्रा लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते खोलीत सोडत राहतो. वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये संध्याकाळी सातला रेंडरिंग लावण्यात शहाणपण नाही. मध्यरात्रीनंतर लावले तर तेच काम चार-पाच अंश कमी तापमानात होते. सोय असेल तर तळमजल्यावरची, उत्तरेकडची खोली निवडावी.

आणि खोलीचा कूलर. मेमधली आपली हवा कोरडी असते. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला भिजलेला वाळा ती हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरवतो. कॉम्प्युटरच्या खोलीसाठी यापेक्षा स्वस्त इलाज नाही. या दमट हवेने डिस्कला धोका आहे का? डिस्कच्या कागदावर ओल्या फडक्याच्या तापमापकाचीही मर्यादा दिलेली असते, साधारण २९ अंश. मेमध्ये हा आकडा २२-२४ वर राहतो, त्यामुळे भीती नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडून ऊन तापले की ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता होते, मर्यादा गाठली जाते आणि कूलरचा गारवाही संपतो. तेव्हा तो बंद करून खिडक्या उघडाव्यात. कूलर कॅबिनेटवर रोखू नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सर्किट बोर्डावर वाळतात आणि क्षारांचा पांढरा थर सोडतात.

लोडशेडिंगच्या वर्षांनी या डिस्कची खरी परीक्षा घेतली. वीज गेली की चकत्यांना थांबायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हेड सुरक्षित जागी नेले नाही तर ते माहितीवरच घासेल. त्यासाठी लागणारी वीज डिस्क कुठून आणते? स्वतःच्या फिरण्यातून. जोर संपत चाललेली मोटर त्या क्षणी जनित्र बनते, आणि तिच्यातून निघालेल्या विजेवर आर्म मागे खेचला जातो. हे पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही, पण वीज गेलेल्या प्रत्येक दुपारी दोंडाईच्यातल्या प्रत्येक डिस्कने हे केले आहे. जुन्या डेस्कटॉप डिस्कमध्ये हेड चकतीच्या आतल्या भागात, खास खडबडीत केलेल्या कड्यावर उतरते आणि पुन्हा सुरू होताना तिथूनच घासत उठते. असे चाळीस-पन्नास हजार वेळा व्हावे एवढी तिची तयारी असते. दिवसाचे चार फेरे त्यासाठी काहीच नाहीत. खरा त्रास तापमानाचा: डिस्कच्या कागदावर तासाला २० अंशांहून जास्त फरक नको असे लिहिलेले असते. वीज जाते, कूलर थांबतो, खोली भट्टी होते, मग वीज येताच कॉम्प्युटर आधी सुरू होतो आणि कूलर नंतर. क्रम उलटा करावा. पंधरा-वीस मिनिटे कूलर आणि पंखा चालू द्यावा, मग कॉम्प्युटर.

एसएमपीएस आणि मदरबोर्डावरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही याच हवेत जगतात. दर १० अंश कमी तापमानाला त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांचा सुळसुळाट जगभर झाला होता, त्यामुळे त्या काळच्या बोर्डावर डोके फुगलेला कपॅसिटर दिसला तर नवल नाही. डिस्क अधूनमधून ‘टक’ करून थांबत असेल तर तिच्यावर खापर फोडण्याआधी १२ व्होल्टची तार मल्टिमीटरने मोजावी. थकलेला एसएमपीएस डिस्कला सुरुवातीचे दोन अ‍ॅम्पिअर देऊ शकत नाही.

आज मिक्सिंग एसएसडीवर होते आणि लग्न पेनड्राइव्हवर मिळते. जुन्या डिस्क मात्र कपाटात, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत, आणि त्यांच्यावर अशी लग्ने आहेत ज्यांच्या कॅसेटींवर केव्हाच दुसरे काही चित्रित झाले. बंद डिस्क ७० अंशांपर्यंत ठेवता येते असे कागद सांगतो, तरी पत्र्याखालचा माळा ही जागा चुकीची. त्यांच्यावरचे नव्या डिस्कवर उतरवायचे तर ते हिवाळ्यात, सकाळी दहाच्या सुमारास हाती घ्यावे. पहाटे खोली १०-१२ अंशांची असते. तेव्हा गारठलेली डिस्क लगेच सुरू न करता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. रिबन केबलची, म्हणजे आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारे अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळते. ते वापरताना डिस्क गादीवर किंवा फडक्यावर ठेवू नये, तळाचा बोर्ड झाकला जातो. दोन लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवावी आणि शेजारी टेबल फॅन मंद लावावा, कारण उघड्यावरही स्थिर हवेत ती अर्ध्या तासात ४५ च्या पुढे जाते. यूएसबीच्या वेगाने ८० जीबी उतरायला पाऊण तास लागतो, खराब सेक्टर असतील तर कितीतरी जास्त. आधी लग्नाचे फोल्डर घ्यावे, बाकीचे नंतर, आणि आकडा ५० ला पोचला तर कॉपी थांबवून डिस्क निवेपर्यंत वाट पाहावी.